विश्लेषण : आर्या आंबेकर कशी घडली? ‘लिटिल चॅम्प्स’च्या आधीची आणि नंतरची वर्षे

मूल टीव्हीसमोर उभे राहून गाणे जसेच्या तसे म्हणून दाखवते आणि घरात चर्चा सुरू होते. हिला क्लास लावायचा का? ऑडिशनला न्यायचे का? पनवेल, खारघर, कामोठे आणि कळंबोलीतल्या अनेक घरांत हा प्रश्न कधी ना कधी येतो. अशा वेळी एक नाव हमखास निघते, ते गायिका आर्या आंबेकर हिचे. पण आपल्याला तिची आठवण असते ती मंचावरची. मंचावर येण्याआधी तिच्या घरी काय चालले होते आणि मंचावरून उतरल्यावर पुढची वर्षे कशी गेली, याचा हा आढावा.

हा प्रश्न आता पनवेलमध्ये का महत्त्वाचा?

पनवेल महानगरपालिका १ ऑक्टोबर २०१६ रोजी अस्तित्वात आली. रायगड जिल्ह्यातील ही पहिली महानगरपालिका. खाडीकाठची जुनी बाजारपेठ, आगरी-कोळी गावे आणि सिडकोच्या वसाहती असे हे शहर आहे. कामानिमित्त कोकणातून, घाटावरून, विदर्भ-मराठवाड्यातून आलेली कुटुंबे येथे स्थिरावली. मुलांना गाणे, तबला, नृत्य शिकवण्याची हौस आणि ऐपत दोन्ही वाढली. शहरात आद्यक्रांतिवीर वासुदेव बळवंत फडके यांच्या नावाचे नाट्यगृह आहे. गाणाऱ्या मुलाला पुढे जायचे असेल तर मुंबईतले स्टुडिओही फार दूर नाहीत.

सोय वाढली तशी घाईही वाढली. सहा महिन्यांच्या क्लासनंतर मूल कराओके ट्रॅकवर गाऊ लागते. मोबाइलवर व्हिडिओ चढतो, नातेवाइकांचे अंगठे येतात आणि पुढचा टप्पा ऑडिशनचाच, असे वाटू लागते. आर्याच्या बाबतीत या गोष्टींचा क्रम वेगळा होता.

आर्याच्या घरी नेमके काय होते?

आर्याचा जन्म १६ जून १९९४ रोजी नागपुरात झाला आणि ती वाढली पुण्यात. वडील डॉक्टर. आई श्रुती आंबेकर जयपूर घराण्याच्या गायिका. आजीही शास्त्रीय गायिका. नात दोन वर्षांची असतानाच तिला सुराची जाण आहे, हे आजीच्या लक्षात आले.

येथे एक तपशील महत्त्वाचा आहे. गुण दोन वर्षांच्या वयात दिसला, पण आईकडे रीतसर तालीम सुरू झाली ती साडेपाचव्या वर्षी. मधली साडेतीन वर्षे घरात गाणे कानावर पडत होते. आई रियाजाला बसते, तंबोरा लागतो, शिष्य येतात, तेच तेच अलंकार पुन्हा पुन्हा घोटले जातात, असे गवयाच्या घरातले वातावरण असते. मूल बाजूला खेळत असले तरी त्याचा कान तयार होत असतो. षड्ज कुठे आहे आणि कोणता सूर त्याला धरून आहे, हे त्याला शब्दांत सांगता येत नाही. पण चुकीचा सूर लागला की खटकतो.

आर्याने पहिल्यांदा लोकांसमोर गायले ते सहाव्या वर्षी. राज्यभर तिचे नाव झाले ते चौदाव्या वर्षी. म्हणजे तालीम सुरू झाल्यापासून टीव्हीच्या मंचापर्यंत जवळपास आठ वर्षे गेली. प्रेक्षकांनी २००८ मध्ये जो सहजपणा पाहिला, त्याच्या मागे ही आठ वर्षे होती.

आई हीच गुरू, हे नवे आहे का?

अजिबात नाही. जयपूर-अत्रौली घराण्यात तर याचे मोठे उदाहरण आहे. उस्ताद अल्लादिया खाँ (१८५५-१९४६) यांच्या शिष्या मोगूबाई कुर्डीकर मूळच्या गोव्यातील कुर्डीच्या. त्यांनी आपल्या मुलीला तालीम दिली, ती मुलगी म्हणजे किशोरी आमोणकर.

घरचा गुरू असण्याचा फायदा उघड आहे. आठवड्यातून दोन दिवस, तासभर असा हिशेब राहत नाही. शाळेतून आल्यावर, स्वयंपाक होता होता, झोपण्याआधी, केव्हाही चूक दुरुस्त होते. अडचणही तेथेच असते. आई आणि गुरू या दोन भूमिका एकाच व्यक्तीने निभावायच्या असतात. पंधराव्यांदा तोच पलटा म्हणायला लावणारी आणि दमलेल्या मुलीला जवळ घेणारी एकच. हे साधले नाही तर मूल गाण्यापासूनच दूर जाते. म्हणून अनेक गायक स्वतःच्या मुलांना शिकायला दुसऱ्याकडे पाठवतात.

जयपूर घराण्याच्या तालमीत आकाराला, म्हणजे मोकळ्या ‘आ’काराने स्वर लावण्याला आणि लयीचे बोट धरून स्वरांची बांधणी करण्याला महत्त्व असते. लहान वयात अशी सवय लागली की पुढे भावगीत, अभंग, चित्रपटगीत काहीही गाताना आवाज ठाम लागतो आणि शब्द लयीत अचूक बसतात.

२००८-०९ मध्ये मंचावर काय घडले?

झी मराठीवर ‘सा रे ग म प लिटिल चॅम्प्स’ २००८ मध्ये सुरू झाले. पल्लवी जोशी सूत्रसंचालक, तर अवधूत गुप्ते आणि वैशाली सामंत परीक्षक. जुलै २००८ मध्ये आर्याने ऑडिशन दिली आणि ती महाअंतिम फेरीपर्यंत पोहोचली. फेब्रुवारी २००९ मध्ये स्पर्धा संपली. विजेती ठरली आळंदीची कार्तिकी गायकवाड.

म्हणजे आर्या ही स्पर्धा जिंकली नव्हती. आज हे अनेकांच्या लक्षातही नसते. अंतिम फेरीतले पाचही जण ‘पंचरत्न’ म्हणून ओळखले गेले. त्यांचे एकत्रित कार्यक्रम झाले, ध्वनिमुद्रिका निघाल्या. क्रमांक कोणाचा कितवा, यापेक्षा प्रत्येकाचे गाणे लोकांच्या लक्षात राहिले.

बाकीचे चौघे कोठून आले होते?

पाचही मुलांची गावे पाहिली तर महाराष्ट्राचा छोटा नकाशाच समोर येतो. आर्या पुण्याची. कार्तिकी आळंदीची. तिचे वडील कल्याणजी गायकवाड स्वतः संगीतातले. त्यामुळे अभंग-गवळणींचे संस्कार घरातूनच आले. रोहित राऊत लातूरचा. प्रथमेश लघाटे रत्नागिरी जिल्ह्यातील आरवलीचा. आणि सगळ्यात लहान मुग्धा वैशंपायन आपल्याच रायगड जिल्ह्यातील अलिबागची.

पनवेलच्या वाचकाला हा नकाशा सहज समजेल. पुण्याहून मुंबईला येणारा द्रुतगती मार्ग कळंबोलीला उतरतो. मुंबई-गोवा महामार्ग पनवेलहूनच कोकणाकडे वळतो. त्याच रस्त्याने पेणच्या पुढे वडखळला फाटा फुटतो तो अलिबागचा, आणि चिपळूण मागे टाकल्यावर आरवली लागते. मोठ्या शहरातच राहायला हवे, नामांकित संस्थेतच शिकायला हवे, असा नियम या पाच जणांच्या बाबतीत दिसत नाही. कोणाच्या कानावर शास्त्रीय संगीत होते, कोणाच्या अभंग, तर कोणाचा ओढा नाट्यसंगीताकडे. प्रत्येकाला आपले म्हणता येईल असे गाणे होते, आणि हे गाणे ऑडिशनच्या जाहिरातीच्या आधीपासूनचे होते.

स्पर्धेनंतर काय झाले?

रिअॅलिटी शोमधल्या मुलांविषयी नेहमी विचारले जाते, ‘ती पुढे कुठे गेली?’ आर्याच्या बाबतीत उत्तर साधे आहे. ती शिकत राहिली, शाळा-महाविद्यालयात गेली आणि कार्यक्रम करत राहिली. मोठ्या पडद्यावर नायिका म्हणून ती दिसली थेट २०१७ मध्ये. सतीश राजवाडे दिग्दर्शित ‘ती सध्या काय करते’ हा चित्रपट जानेवारी २०१७ मध्ये प्रदर्शित झाला. त्यात तिने अभिनयही केला आणि गायलीही. स्पर्धेच्या अंतिम फेरीपासून या चित्रपटापर्यंत जवळपास आठ वर्षे गेली होती.

पुढे २०२२ मध्ये ‘चंद्रमुखी’ चित्रपटासाठी अजय-अतुल यांच्या संगीतात तिने ‘बाई गं’ ही बैठकीच्या ढंगाची लावणी गायली. बैठकीची लावणी गायला अवघड. ठेका संथ, जागा बारीक आणि शब्दाशब्दाला भाव बदलणारा. ढोलकीच्या वेगात दडून जाण्याची सोय तेथे नसते. आकार, मींड आणि श्वास यांवर बालपणी केलेले काम अशा गाण्यात कानाला कळते. २०२३ च्या सुरुवातीला आलेल्या ‘सरला एक कोटी’मधील ‘केवड्याचं पान तू’ या गाण्यात ती अजय गोगावलेंसोबत ऐकू आली.

जून २०२१ मध्ये ‘लिटिल चॅम्प्स’ पुन्हा सुरू झाले, तेव्हा ही पाचही मुले परीक्षकांच्या खुर्चीत होती. बारा वर्षांपूर्वी जेथे उभे राहून गायले, तेथेच आता लहान मुलांचे गाणे ऐकायचे. पाचही जण तोवर गाण्यातच टिकून होते, ही त्यातली नोंद घेण्यासारखी गोष्ट.

मधल्या काळात आवाज बदलतो, त्याचे काय?

बालगायकाच्या वाटेतला हा सर्वांत नाजूक टप्पा. पालकांना याची कल्पना अनेकदा नसते. वयात येताना स्वरयंत्राची वाढ होते आणि स्वरतंतू लांब व जाड होतात. मुलांचा आवाज साधारण एक सप्तक खाली उतरतो. काल ज्या पट्टीत गाणे सहज होत होते, तेथे आज आवाज चिरकतो किंवा निसटतो. मुलींमध्ये बदल कमी असतो. आवाज थोडा खाली येतो आणि काही काळ त्यात हवा मिसळल्यासारखी वाटते.

रोहित राऊत याचे चांगले उदाहरण आहे. २००९ मध्ये आपण त्याचा लहान मुलाचा आवाज ऐकला. फेब्रुवारी २०२० मध्ये ‘इंडियन आयडल’च्या अकराव्या पर्वात तो उपविजेता ठरला, तेव्हा तो पूर्ण वाढलेला पुरुषी आवाज होता. मधल्या अकरा वर्षांत त्याला आपला आवाज जणू नव्याने ओळखावा लागला.

या काळात पट्टी खाली आणावी, वरच्या सुरांची ओढाताण करू नये, खर्जाचा हलका रियाज करावा आणि आवाज बसला तर विश्रांती द्यावी, असे जाणते गुरू सांगतात. घसा दोन-तीन आठवड्यांहून अधिक काळ घोगरा राहिला तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे. नेमक्या याच वयात मूल लोकप्रिय झालेले असले, तर कार्यक्रमांची मागणीही जोरात असते. अशा वेळी नकार देणारे मोठे माणूस घरात असणे ही मुलाच्या आवाजाची मोठी सोय आहे.

लहानपणीच मंचावर येण्याची वेळ आधीही आली होती का?

होय, आणि तेव्हाही असाच निर्णय घ्यावा लागला होता. शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकली हा १९२४ मध्ये बेळगावजवळच्या सुळेभावी गावात जन्मलेला मुलगा. मोठमोठ्या गवयांच्या ध्वनिमुद्रिका ऐकून तो हुबेहूब गात असे. गावोगावी जलसे होत. १९३६ मध्ये मुंबईच्या जीना हॉलमध्ये तो गायला, तेव्हा अकरा-बारा वर्षांच्या या मुलाने जाणकारांना थक्क केले.

त्यानंतर तो मुंबईत प्रा. बी. आर. देवधर यांच्याकडे शिकायला राहिला. नक्कल उत्तम येत होती. पण रागाची वाट स्वतः शोधायला शिकणे बाकी होते. तोच मुलगा पुढे पंडित कुमार गंधर्व झाला. बालपणीची वाहवा हाती असताना पुन्हा विद्यार्थी होऊन बसणे, हे त्याच्या घडणीतले वळण होते.

घरात गाणारे कोणी नसेल तर?

आर्यासारखे गवयाचे घर प्रत्येकाला मिळत नाही. मात्र कान तयार करण्यासाठी गवयाचे घरच लागते असे नाही. पनवेल परिसरातील गावांमध्ये भजनी मंडळे आहेत. आगरी-कोळी लग्नात धवले गाणाऱ्या धवलारीण स्त्रियांकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला गीतांचा साठा आहे. हरिनाम सप्ताहात पखवाजाच्या साथीने चालणारे अभंग मुलांना लयीचे भान देतात. मुलाला सोबत नेऊन बसवले तरी पुष्कळ होते.

रीतसर शिक्षणासाठी परीक्षांची चौकट आहे. पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. त्यांच्या शिष्यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाचे कार्यालय वाशीला आहे. पनवेलहून हार्बर लोकलने थेट जाता येते. प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण, मध्यमा प्रथम, मध्यमा पूर्ण, विशारद प्रथम आणि विशारद पूर्ण अशा सात परीक्षा आहेत, त्यापुढे अलंकार. दहावीच्या विद्यार्थ्यांना शास्त्रीय कलांतील परीक्षांसाठी वाढीव गुणांची सवलत मिळते, त्यामुळेही अनेक जण या परीक्षांना बसतात.

येथे एक सावधगिरी हवी. गुणांसाठी परीक्षा आणि गाण्यासाठी तालीम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पाच रागांच्या बंदिशी पाठ करून परीक्षा उत्तीर्ण होता येते. त्याच पाचपैकी एका रागात दहा मिनिटे स्वतःच्या मनाने आलाप करता येतो का, हे पाहिले की तालीम कितपत मुरली आहे ते समजते.

कायदा काय सांगतो?

बालकलाकारांबाबत स्पष्ट नियम आहेत आणि पालकांना ते माहीत असायला हवेत. बालकामगार कायद्यात २०१६ मध्ये दुरुस्ती झाली आणि २०१७ मध्ये नियम आले. चौदा वर्षांखालील मुलाला दृकश्राव्य कार्यक्रमात किंवा व्यावसायिक कार्यक्रमात घ्यायचे असेल तर निर्मात्याला संबंधित जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी घ्यावी लागते.

मुलाकडून दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम करून घेता येत नाही. विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त काम नाही. सलग २७ दिवसांपेक्षा जास्त काळ काम देता येत नाही आणि शिक्षणात खंड पडू नये याची व्यवस्था करावी लागते. मुलाच्या इच्छेविरुद्ध त्याला सहभागी करून घेता येत नाही. मुलाच्या कमाईपैकी किमान २० टक्के रक्कम राष्ट्रीयीकृत बँकेत त्याच्या नावे मुदत ठेवीत जमा करणे बंधनकारक आहे. ती त्याला सज्ञान झाल्यावर मिळते.

करारावर सही करण्याआधी पालकांनी हे मुद्दे निर्मात्याला थेट विचारावेत. परवानगीची प्रत मागावी. चित्रीकरणाच्या वेळा लेखी घ्याव्यात. विचारण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही.

मग ऑडिशनला न्यावे की नाही?

न्यायला हरकत नाही. आर्याच्या वाटेत टीव्हीच्या मंचाचा वाटा मोठा आहे, तो नाकारण्यात अर्थ नाही. २००८ मध्ये ती त्या मंचावर गेली नसती, तर महाराष्ट्राला तिचे नाव कळायला कदाचित आणखी बराच काळ गेला असता. आरवली किंवा अलिबागच्या मुलांना घराघरांत पोहोचवण्याचे काम त्या काळी टीव्हीनेच केले.

पण ऑडिशनचा फॉर्म भरण्याआधी घरात तीन गोष्टी तपासून पाहता येतील. एक, मूल ट्रॅक बंद करून, फक्त तंबोऱ्यावर किंवा मोबाइलमधल्या तानपुऱ्यावर सुरात गाते का? दोन, कोणी ऐकत नसतानाही ते स्वतःहून गाते का? तीन, निवड झाली नाही तर पुढच्या सोमवारी क्लास नेहमीसारखा सुरू राहील का? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मुलापेक्षा पालकांनी द्यायचे आहे. पहिल्याच फेरीत बाहेर पडल्यावर क्लास बंद होणे, पेटी पलंगाखाली जाणे, असे घडले तर मूल त्यातून एकच गोष्ट शिकते, की गाणे जिंकण्यासाठी होते.

आर्याला साडेपाचव्या वर्षी सुरू झालेली तालीम स्पर्धेच्या निकालावर अवलंबून नव्हती. विजेतेपद दुसरीकडे गेले, तरी गुरू घरातच होती आणि दुसऱ्या दिवशीचा रियाजही. पनवेलमधल्या एखाद्या घरात यंदा गाण्याचा क्लास सुरू होत असेल, तर शिक्षकांना पहिल्याच भेटीत ‘कार्यक्रम कधी?’ असे विचारण्याऐवजी ‘घरी रोज किती वेळ आणि काय घोटून घ्यायचे?’ एवढे विचारून घ्यावे. आणि ती वीस मिनिटे आई, बाबा किंवा आजी-आजोबांपैकी कोणीतरी मुलाशेजारी बसावे.